५८ ला रिटायर होतोय, कंपनीचा मेडिक्लेम बंद होणार – सरकारी योजनेत नाव कुठं, कसं, कधी घालायचं?

चिखलीकर:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मार्चअखेर ५८ पूर्ण होतायत म्हणजे रिटायर. एवढी वर्षं कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता ५ लाखांचा, त्यात मी, मिसेस आणि आई तिघंही. एचआरमधल्या मुलीला विचारलं पुढं काय, तर म्हणाली सर लास्ट वर्किंग डेच्या रात्री बाराला कव्हर संपतं. इतक्या गोड आवाजात म्हणाली की मी थँक्यू म्हणून बाहेर पडलो आणि जिन्यात आल्यावर टाळकं सटकलं.

तर परिस्थिती अशी. मला बीपी आहे आणि २०२१ ला एक स्टेंट बसलाय. मिसेस ५४ ची, शुगरच्या गोळ्या चालू. आई ७६, गुडघे सोडले तर ठणठणीत. पेन्शन म्हणजे पीएफची ईपीएस-९५ वाली, ती किती असते हे इथं बऱ्याच जणांना अनुभवानं माहिती असेल, त्यात आमच्या तिघांच्या गोळ्या बसल्या तरी खूप झालं. मुलगा हिंजवडीला आहे, तो म्हणतो माझ्या पॉलिसीत तुम्हाला घालतो, पण त्याला दर दोन वर्षांनी कंपनी बदलायची हौस, मधे महिनाभर घरी बसून ट्रेकिंग करतो, त्या महिन्यात आम्ही आजारी पडायचं नाही असं ठरवायचं का?

रेशनकार्ड गावचं आहे, जुन्नर तालुक्यात, भावाबरोबर एकत्र, केशरी. पुण्यात वेगळं काढलंच नाही, कधी अडलंच नाही.

आता चहाच्या टेबलावर एक म्हणतो सरकारनं सगळ्यांना पाच लाख फुकट केलेत, दुसरा म्हणतो ते फक्त सत्तरीच्या पुढं, तिसरा म्हणतो महाराष्ट्रात फुले योजना आहे पण पांढऱ्या कार्डवाल्याला काही नाही. नक्की खरं काय? मी, मिसेस आणि आई, तिघांचं कशात बसतं आणि मार्चच्या आत काय काय उरकायला पाहिजे? कुणी स्वतः केलं असेल तर जरा विस्कटून सांगा.

मुग्धा_कोथरूड:

काका, आधी आईंचं सांगते कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि ते आजच करून टाका, मार्चची वाट बघूच नका.

७० च्या पुढच्यांसाठी जे आहे ते आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. उत्पन्नाची काही अट नाही, बंगला असो की चाळ, मेडिकल टेस्ट नाही, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात, हप्ता शून्य. वर्षाला ५ लाखांपर्यंत अ‍ॅडमिट होऊन घ्यायच्या उपचारांना. वय आधारवर जे असेल तेच धरतात, जन्मदाखला वगैरे काही मागत नाहीत, त्यामुळे आधारवरचं वय चुकीचं असेल तर आधी आधार दुरुस्त. शेवटची तारीख अशी काही नाही, कधीही काढता येतं. घरात दोघं सत्तरीचे असतील तर मात्र ५ लाख दोघांत मिळून, हे बऱ्याच जणांना नंतर कळतं आणि मग भांडतात.

आयुष्मान अ‍ॅपवरून घरीच होतं. सासूबाईंचं मी केलं तेव्हा ठसे उमटेचनात, आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषाच गेल्यात त्यांच्या. शेवटी फेस ऑथेंटिकेशन केलं, तेही बाल्कनीत उजेडात बसवून, डोळे मिचकवा म्हटलं की त्या हसायच्या आणि फोन म्हणायचा पुन्हा प्रयत्न करा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर लगेच होतं, त्यामुळे आईंचा नंबर जोडलेला आहे का ते आधी बघा, आमच्याकडे जोडलेला नंबर दिराचा निघाला आणि दीर दुबईत.

पंत_खडकी:

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. केंद्र सरकारचे पेन्शनर असाल तर सीजीएचएस (केंद्राची आरोग्य योजना) सोडून दुसरीकडे बघायचंच नाही, एवढंच सांगतो. मी पगाराच्या लेव्हल ६ ला होतो, महिना ४५० वर्गणी. दहा वर्षांची एकदम भरली की जन्मभराचं कार्ड, म्हणजे ५४ हजारात मी आणि आमची मंडळी दोघं सुटलो. लेव्हल ५ पर्यंत महिना २५०, ७ ते ११ ला ६५०, त्याच्या वर हजार. मुख्य म्हणजे रोजच्या गोळ्या डिस्पेन्सरीत फुकट मिळतात (आता वेलनेस सेंटर म्हणायचं, म्हणा बापडे). काउंटरला नसलं तर इंडेंट म्हणजे मागणी टाकतात आणि मग परत जाऊन घ्यायचं. बीपी-शुगरवाल्याला महिन्याचा मोठा खर्च हाच असतो, अ‍ॅडमिट माणूस दहा वर्षांत एकदा होतो. सत्तरी झाली की रेफरलशिवाय थेट पॅनलवरच्या (योजनेशी जोडलेल्या) हॉस्पिटलात तज्ज्ञाला दाखवता येतं, आधी हे ७५ ला होतं, २०२४ मध्ये खाली आणलं.

एक लक्षात ठेवा, सीजीएचएस किंवा माजी सैनिकांचं ईसीएचएस असेल तर वय वंदना घेताना दोन्हीतलं एकच निवडावं लागतं. आमच्या सोसायटीत एकजण उत्साहाच्या भरात फुकट आहे म्हणून वय वंदना काढायला निघाला होता, त्याला जिन्यातून परत आणला.

डेक्कन_क्वीन:

पंत, चिखलीकर प्रायव्हेटवाले आहेत हो. त्यांना कशाला वाकुल्या दाखवताय?

पंत_खडकी:

धागा इतरही लोक वाचतात. आणि माझ्या वयाच्या माणसाला वाकुल्या दाखवायला फार शक्ती लागते.

काउंटर_नंबर_चार:

मी एका हॉस्पिटलात योजनेच्या डेस्कला काम करतो, नाव सांगत नाही, त्यामुळे रोज हेच बघतो. चिखलीकर दादा, तुमच्या आणि वहिनींच्या दृष्टीनं वय वंदना अजून लांब आहे. तुम्हाला बारा वर्षं, वहिनींना सोळा. ५८ ते ७० हा जो मधला पट्टा आहे ना, खासगीतून रिटायर झालेला माणूस तिथंच पडतो, कारण कंपनी सुटली, सत्तरी आली नाही, आणि बायपास-अँजिओ याच वयात होतात. त्या पट्ट्याला महाराष्ट्रात जे आहे ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुने लोक अजून राजीव गांधी म्हणतात, २०१२ ला त्या नावानं सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं, २०२० ला केंद्राच्या आयुष्मानशी जोडली आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू झाली, कव्हर दीडवरून ५ लाखांवर गेलं. पांढरं कार्डसुद्धा त्यात आलं. तुमचा तिसरा चहावाला २०२४ च्या आधीचा आहे.

यात वयाची अट नाही, हप्ता नाही, स्टेंट आधी बसलाय म्हणून कुणी नाकारत नाही. पण सगळं रेशनकार्डावर अडकलंय, आणि पुण्यात तीच बोंब आहे. लोक म्हणतात रेशन कुठं घेतो आम्ही, कार्ड कपाटात आहे. कपाटातलं नाही चालत, त्या कार्डाला ऑनलाइन १२ अंकी नंबर पडलेला पाहिजे आणि त्यात तुमचं आणि वहिनींचं नाव आधारसकट दिसलं पाहिजे. डेस्कवर निम्मी भांडणं इथंच होतात, पेशंट स्ट्रेचरवर आणि मुलगा फोनवर काकाला विचारतोय की कार्डावर आमचं नाव आहे का. गावचं कार्ड पुण्यात चालतं, राज्यभर चालतं, त्यात काही अडचण नाही. अडचण दुसरी आहे, ५ लाख हे पूर्ण कार्डाला मिळून आहेत. तुमच्या भावाचं कुटुंब त्याच कार्डावर असेल आणि त्याच्याकडे कुणाचं मोठं ऑपरेशन झालं तर तेवढे तुमच्यातून गेले. त्यामुळे विभक्त कार्ड काढलेलं बरं. तुमच्या उत्पन्नाला बहुतेक पांढरं मिळेल, केशरी लाखाच्या आतल्या उत्पन्नाला असतं. पांढरं मिळालं म्हणून या योजनेत काही बिघडत नाही.

अजून एक, हे सगळ्यात महत्त्वाचं, योजना फक्त कॅशलेस आहे. आधी पैसे भरले आणि नंतर बिलं घेऊन आलात तर एक रुपया परत मिळत नाही. अ‍ॅडमिट होतानाच आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) शोधायचं, योजनेच्या हॉस्पिटलात तो असतोच, त्याचा डेस्क बहुतेक बिलिंगच्या शेजारी असतो. योजनेचं कार्ड हातात नसलं तरी रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र दाखवून नोंदणी करता येते. तो केस टाकतो, डॉक्टर रिपोर्ट चढवतात, प्रीऑथ म्हणजे आधीची मंजुरी येते, मग पुढं. रात्री अचानक हार्टचं काही झालं तर प्रीऑथसाठी थांबत नाहीत, फोनवर इंटिमेशन घेतात, त्याला आम्ही ईटीआय म्हणतो. नातेवाइकांनी फक्त "आमचा पेशंट योजनेतला आहे" हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतात, डिपॉझिट भरून झाल्यावर.

हॉस्पिटल योजनेत आहे का आणि *तुमचा आजार* त्या हॉस्पिटलात योजनेत आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एखादं हॉस्पिटल फक्त किडनी आणि कॅन्सरला पॅनलवर असतं, हार्टला नसतं. १५५३८८ ला फोन करून विचारता येतं.

सदाशिव_पेठी:

सगळं वाचलं. आता कुणीतरी खरं बोलायला पाहिजे म्हणून लिहितो.

कार्ड काढा, जरूर काढा, लॅमिनेट करा, देवापुढं ठेवा. पण पुण्यातला मध्यमवर्गीय माणूस ज्या दवाखान्यात जाईन म्हणून मनात धरून बसलेला असतो तो दवाखाना बरेचदा यादीत नसतो, किंवा असला तरी त्याच्या कामाच्या विभागाला नसतो. असला तर जनरल वॉर्ड. पॅकेजचे दर ठरलेले, ते परवडत नाहीत म्हणून हॉस्पिटलं कुरकुरतात, आणि त्यांचंही पूर्ण खोटं नाही. माझ्या मेहुण्याच्या वेळी एका ठिकाणी सांगितलं बेड नाही, त्याच संध्याकाळी कॅश पेशंट म्हणून दुसऱ्याच्या ओळखीनं विचारलं तर बेड होता. तेव्हा सरकारी कार्डाच्या भरवशावर मेडिक्लेम सोडणारा माणूस एक तर भोळा किंवा फारच निरोगी.

काउंटर_नंबर_चार:

बेडचं तुम्ही म्हणता ते होतं, नाही म्हणत नाही. तिथल्या तिथं आरोग्यमित्रामार्फत नाहीतर १५५३८८ वर तक्रार नोंदवायची, तोंडी भांडून काही होत नाही, तक्रारीचा नंबर पडला की सूर बदलतो. पण जनरल वॉर्ड म्हणून नाक मुरडायचं तर तुमचा मुद्दा वेगळा आहे, तो उपचाराचा नाही. ससूनला आणि पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलला योजनेत रोज माणसं बरी होऊन घरी जातात. पाच लाखांची बायपास होते तेव्हा पडद्यापलीकडे कोण झोपलंय हे कुणी बघत नाही.

डेक्कन_क्वीन:

पेठी, तुमचा मुद्दा अर्धा पटला. पण धर्मादाय हॉस्पिटलांचं कुणी बोललं नाही अजून. पुण्यातली बरीच मोठी नावं ट्रस्टची आहेत, त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, कायद्यानं. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. चिखलीकरांचं रिटायर झाल्यावरचं उत्पन्न बघा, ईपीएसची पेन्शन आणि थोडं व्याज, म्हणजे दुसऱ्यात सहज बसतील. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. नोकरीत असताना नाही मिळणार, सुटल्यावर पुढच्या वर्षी काढून ठेवा. हे विम्यात मोडत नाही पण वेळेला उपयोगी पडतं, हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात विचारायचं, बिलिंगवाला स्वतःहून सांगणार नाही.

सीमा_बिबवेवाडी:

ईएसआयचं (कामगार राज्य विमा) कुणी लिहिलं नाही म्हणून. आमचे मिस्टर एका छोट्या युनिटला होते, पगार २१ हजारांच्या आतच राहिला शेवटपर्यंत, तेव्हा वाईट वाटायचं पण आता त्याचाच फायदा झाला 😄 रिटायर होण्याआधी कमीत कमी ५ वर्षं ईएसआय कापला गेला असेल तर रिटायरमेंटनंतर पण नवरा-बायको दोघांना चालू ठेवता येतं आणि त्याचे पैसे किती तर महिन्याला १० रुपये, वर्षाचे १२० एकदम भरायचे. हो एकशेवीसच. बिबवेवाडीला हॉस्पिटल आहे, चिंचवडला मोहननगरला आहे, दवाखान्यात गोळ्या पण मिळतात. गर्दी असते, सकाळी लवकर जायचं, डबा घेऊन. पण भरलं पाहिजे हं दरवर्षी, आपोआप होत नाही. आणि सत्तरीनंतर वय वंदना पण मिळतं, ईएसआय असलं तरी चालतं, पंत म्हणतात तसं एकच निवडा असं आम्हाला नाही.

चिखलीकर दादा तुमचा पगार जास्त असणार त्यामुळे तुम्हाला नसेल बहुतेक, पण तुमच्या कंपनीतले कुणी हेल्पर-ऑपरेटर रिटायर होत असतील तर त्यांना सांगा, त्यांना कुणीच सांगत नाही. आमच्या मिस्टरांना पण एचआरनं नाही, कँटीनवाल्यानं सांगितलं.

वाकड_विमा:

माझा धंदा विम्याचा आहे हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी "एजंट दिसतोय" म्हणायला नको. पॉलिसी विकत नाहीये, फक्त एक गोष्ट सांगतो जी चिखलीकर साहेबांनी मार्चच्या आतच करायला पाहिजे आणि वरती कुणी लिहिली नाही.

तुमची जी ग्रुप पॉलिसी आहे, ती ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत तुम्हाला जाता येतं, याला मायग्रेशन म्हणतात. फायदा असा की ग्रुपमध्ये जेवढी वर्षं सलग काढली तेवढी वेटिंग पिरियडमध्ये (जुन्या आजाराला क्लेम न मिळण्याचा काळ) धरली जातात. म्हणजे तुमचा स्टेंट, वहिनींची शुगर, हे जे प्री-एक्झिस्टिंग म्हणजे आधीचे आजार म्हणून नव्या पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत लटकवतात (आधी ४ वर्षांपर्यंत होतं, २०२४ ला विमा नियामकानं ३ केलं), ते तुम्हाला नव्यानं मोजायला नको. पण हे जुन्या ५ लाखांपुरतंच, तुम्ही १० ची पॉलिसी मागितली तर वरच्या ५ ला वेटिंग लागू शकतं. अर्ज कव्हर चालू असताना करायचा, शेवटच्या दिवसाच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे तुमच्या बाबतीत जानेवारी संपायच्या आत. एकदा खंड पडला की तुम्ही ५८ वर्षांचे, एक स्टेंटवाले, अगदी नवे गिऱ्हाईक. तेव्हा जो प्रीमियम सांगतील तो ऐकून दुसरा स्टेंट लागेल. एचआरकडून पॉलिसी नंबर, कुणाची नावं कधीपासून आहेत त्याचं पत्र आणि मागच्या क्लेमचे कागद आत्ताच घ्या, सुटल्यावर ते तुमचा फोन उचलणार नाहीत.

मायग्रेशन मागितलं की मिळालंच असं नाही, कंपनी तब्येत बघून ठरवते. पण मागायला काय जातंय. नाकारलं तर लेखी घ्या. आणि स्टेंट लपवू नका, काही एजंट सांगतात लिहू नका म्हणून, क्लेमच्या वेळी सगळं बाहेर येतं.

बाकी वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. ६० च्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाकडे जावं लागतं, हे जानेवारी २०२५ चं. आधी वाढवायचे तेव्हा लोक फोनवर रडायचे, खोटं नाही सांगत. ज्येष्ठांच्या पॉलिसीत को-पे, म्हणजे बिलातला आपला वाटा, असतो, २० टक्के वगैरे, तो वाचून घ्या, कागदाच्या मागच्या बाजूला असतो.

पंत_खडकी:

एजंट असून बरं लिहिलंत.

सदाशिव_पेठी:

मी हेच म्हणत होतो, फक्त कमी शब्दांत.

डेक्कन_क्वीन:

तुम्ही "देवापुढं ठेवा" म्हणत होतात.

चिखलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

मुग्धाताई, आईचं वय वंदना झालं. नंबर माझाच जोडलेला होता त्यामुळे ओटीपीवर झालं, आईनं विचारलं आता गुडघे फुकट बदलून देणार का, मी म्हटलं विचारून सांगतो. सीमाताई, आमच्याकडे दोन ऑपरेटर याच वर्षी रिटायर होतायत, त्यातल्या एकाला ईएसआयचं आज सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय १२० रुपयांची. विमावाले साहेब, एचआरला मेल टाकला, मायग्रेशन म्हणजे काय ते त्यांनाही माहिती नव्हतं, ब्रोकरला विचारून सांगतो म्हणालेत, मागं लागतो.

राहिलं रेशनकार्ड. भावाला फोन केला तर तो जरा गप्पच झाला, त्याला वाटलं वाटणी मागतोय. समजावलं, दवाखान्यासाठी आहे म्हणून. आता प्रश्न असा की गावच्या कार्डातून आमची दोघांची नावं कमी करून इथं नवीन काढायला किती वेळ जाईल सांगता येत नाही, आणि त्याच मधल्या काळात एप्रिलमध्ये काही झालं तर? तेव्हा मेडिक्लेमही नसेल आणि कार्डही नसेल. आणि आईचे गुडघे योजनेत बसतात का?

काउंटर_नंबर_चार:

दादा हे बरोबर ओळखलंत, याच फटीत माणसं सापडतात. म्हणून क्रम असा ठेवा, आधी गावच्या कार्डाचा १२ अंकी नंबर भावाकडून मागवा आणि त्यात तुमची दोघांची नावं आधारसकट ऑनलाइन दिसतायत का ते बघा. दिसत नसतील तर आधी तिथंच आधार जोडून घ्या, म्हणजे आजच्या आज तुम्ही दोघं योजनेत आहात, भावाबरोबर वाटून का होईना. मायग्रेशनचं काय ते कळेपर्यंत नावं कमी करायची घाई करू नका. पॉलिसी हातात आली की मग निवांत नाव कमी केल्याचा दाखला तहसीलमधून घ्या आणि इकडं रेशनच्या परिमंडळ कार्यालयात विभक्तचा अर्ज टाका, ऑनलाइन पण होतो. मायग्रेशन नाकारलं तर मात्र अर्ज नोकरी चालू असतानाच उरका, म्हणजे मधले जे काही दिवस जातील ते कंपनीच्या कव्हरमध्ये जातील.

आईंच्या गुडघ्यांचं असं फोरमवर हो-नाही सांगत नाही मी. ऑर्थोच्या डॉक्टरचा कागद आणि एक्स-रे घेऊन पॅनलवरच्या हॉस्पिटलात जा, आरोग्यमित्राला म्हणा पॅकेजचा कोड काढून दाखव. काही उपचार फक्त सरकारी हॉस्पिटलांसाठी राखीव असतात, ते तिथंच कळेल. कोड दिसल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका, डॉक्टर म्हणाले "होऊन जाईल" तरी. आणि आईंना सांगा अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच्या तपासण्या मर्यादित दिवसांच्याच धरतात, त्यामुळे वर्षभराच्या एक्स-रेंचे पैसे मागायचे नाहीत.

मुग्धा_कोथरूड:

सासूबाईंनी पण गुडघ्यांचंच पहिलं विचारलं होतं 😄

काउंटर_नंबर_चार:

सगळ्याच विचारतात. दादा, नाव कमी केल्याचा दाखला हातात पडला की खिडकीशी उभं राहूनच वाचा. वहिनींचं नाव आधारवर आहे तस्संच पाहिजे, आईबाबांनी ठेवलेलं की लग्नानंतरचं जे असेल ते. एका काना-मात्रेवरून ई-केवायसी अडकतं आणि मग परत जुन्नर.